थिबाचा पानाचा डबा आणि लंडनचे पहिले चार दिवस

लंडनहून येऊन बरेच दिवस झाले, पण फोटो टाकले नाहीत म्हणून घरच्या मंडळींची बोलणी खाऊन झाली. पुण्याच्या वन्संनी तर "लंडनला गेली होतीस की देवरुखला?" असंच विचारलं. फोटो आहेत हो, भरपूर आहेत. पण त्यांतले निम्मे लोकांच्या घरांच्या दारांचे आहेत. विटांची भिंत, पांढरी खिडकी आणि खिडकीशेजारी एक गोल निळी पाटी. असे फोटो पाहून कोण खूश होणार? म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगायला नको.

तर मे २०२५ मध्ये आम्ही दोघं लेकीकडे गेलो. परदेशवारी पहिलीच. लेकीने चार दिवस रजा काढली होती आणि रोज कुठे जायचं याचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता. मी त्याच्या शेजारी माझी यादी लावली. जावईबापूंनी ती वाचली आणि म्हणाले, "आई, ही तर रत्नागिरी जिल्ह्याची यादी आहे." होतीच ती. गावाकडून निघताना मनाशी ठरवलं होतं, की राणीचा वाडा, घड्याळाचा मनोरा वगैरे सगळे बघतात, आपणही बघू. पण आपल्या जिल्ह्याशी ज्यांचा संबंध आला, ती माणसं या शहरात कुठे राहिली आणि त्यांचं इथे काय झालं, ते आधी बघायचं.

आमचं घर भाट्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रत्नागिरी शहरातून पावसला जायला निघालात, की राजिवड्याजवळ खाडीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचं बन, लांबलचक किनारा, नारळ संशोधन केंद्र आणि पुढे झरीविनायक. तेच आमचं भाट्ये. पूल व्हायच्या आधी तरीतून खाडी ओलांडावी लागायची. किनाऱ्यावर उभं राहून खाडीपलीकडे शहराच्या बाजूला पाहिलं, की उंचावर थिबा पॉइंट दिसतो. तिथून सूर्यास्त बघायला आता गाड्या भरभरून लोक येतात आणि त्यांच्या फोटोत आमचा पूल आणि आमचा किनारा असतो. त्याच टेकाडावर थिबा राजवाडा. आमच्या लहानपणी थिबा म्हणजे इतिहास वगैरे काही नव्हता, तो एक पत्ता होता. "थिबाच्या वाड्यावरून डावीकडे वळ" असा. तो राजा कुठला, इथे कसा आला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. खाडी आहे, माड आहेत, तसा थिबाही आहे.

असो. लंडनकडे वळते.

पहिला दिवस सगळ्यांचा जातो तसाच गेला. वेस्टमिन्स्टर, पार्लमेंट, थेम्सचा पूल. पार्लमेंटसमोरच्या चौकात चर्चिल आणि गांधीजी एकाच हिरवळीवर उभे आहेत. चर्चिलचा पुतळा १९७३ चा, गांधींचा २०१५ चा. ज्याने गांधींना 'अर्धनग्न फकीर' म्हणून हिणवलं, त्याला आता रोज त्यांचा शेजार आहे. ह्यांनी तिथे एक चांगला अर्धा तास काढला. मग बोटीने टॉवर ऑफ लंडन. तिथे मुकुट ठेवलेत. ते बघायला सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि पट्टा तुम्हाला मुकुटांसमोरून पुढे घेऊन जातो. विमानतळावर सामान येतं ना, तसंच, फक्त इथे सामान म्हणजे आपण. कोहिनूर मी दोनदा पाहिला, कारण दोनदा रांगेत लागले. राणीआईसाठी १९३७ साली केलेल्या मुकुटात तो आहे. २०२३ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा नव्या राणीसाहेबांनी तो मुकुट वापरला नाही. उगाच वाद नको म्हणून, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

पण माझं लक्ष कोहिनुरापेक्षा माणकांवर होतं. सरकारी कामकाजाच्या मुकुटात पुढच्या बाजूला एक लालभडक खडा आहे, 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणतात त्याला. शास्त्रीय दृष्ट्या ते माणिक नाहीच, स्पिनेल नावाचा वेगळाच खडा आहे. आता रत्नागिरीच्या बाईला माणकाचं एवढं काय, असं वाटेल. तर ती गोष्ट थिबाचीच आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी इरावती नदीतून आगबोटी वर नेल्या आणि जेमतेम पंधरा दिवसांत त्याचं राज्य संपलं. युद्ध म्हणायचं ते फारसं झालंच नाही. राजा, दोन राण्या आणि लहान मुली यांना राजवाड्यातून बाहेर काढून नदीच्या धक्क्यावर नेलं आणि आगबोटीवर चढवलं. आधी रंगून, मग मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. १ जानेवारी १८८६ ला, म्हणजे राजा मद्रासेत असतानाच, ब्रह्मदेश खालसा करून टाकला होता.

थिबाकडे 'न्गामौक' नावाचं एक मोठं माणिक होतं. थिबाचं म्हणणं असं, की राजवाडा सोडायच्या गडबडीत कर्नल स्लेडन नावाच्या अधिकाऱ्याने ते सुरक्षित ठेवतो म्हणून घेतलं आणि परत दिलंच नाही. रत्नागिरीतून त्याने याबद्दल सरकारकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. उपयोग झाला नाही आणि ते माणिक आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. ते कापून इंग्रजांच्या मुकुटात बसवलं अशा गप्पा ब्रह्मदेशात चालतात, पण पुरावा कशाचाच नाही. मला काही टॉवरमध्ये जाऊन शोध लावायचा नव्हता. पण त्या पट्ट्यावरून सरकताना वाटलं, की ज्याची वस्तू हरवली तो माणूस आमच्या खाडीच्या वर बसून तीस वर्षं अर्ज लिहीत होता. आणि अर्जाला उत्तर येण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे कोकणातल्या जमीनवाल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी यादीतलं पहिलं नाव. लोकमान्य.

टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. लंडनला ते १९१८ च्या ऑक्टोबरअखेर पोचले, म्हणजे बासष्टाव्या वर्षी. माझ्याहून फार लहान नव्हते. :-) पहिलं महायुद्ध संपायला बारा दिवस उरले होते. ते इथे आले होते मुख्यतः खटल्यासाठी. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने १९१० साली एका पुस्तकात त्यांना 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हटलं होतं आणि हिंसेशी त्यांचा संबंध जोडला होता. आपण आज ते बिरुद अभिमानाने मिरवतो, पण लिहिणाऱ्याने ते आरोप म्हणून लिहिलं होतं. टिळकांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. युद्धामुळे तो रखडत रखडत १९१९ च्या जानेवारीत उभा राहिला.

ते ज्या घरात राहिले ते १०, हॉवली प्लेस. वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरायचं आणि कालव्याच्या कडेने चालत जायचं. शांत, झाडीचा रस्ता. पांढऱ्या रंगाची मोठी घरं. त्या घरावर १९६१ साली लावलेली निळी पाटी आहे. नाव, साल आणि 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ'. बास. पुढच्या बागेत कुणीतरी कपडे वाळत घातले होते. आम्ही रस्त्याच्या पलीकडून फोटो काढले, कारण आत माणसं राहतात. ह्यांनी टोपी काढली आणि थोडा वेळ हात जोडून उभे राहिले. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, तिने आम्हाला हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तिला असले लोक बहुतेक अधूनमधून दिसत असावेत.

तिथून आम्ही स्ट्रँडवरच्या हायकोर्टात गेलो. दगडी, टोकदार कमानींची भव्य इमारत, बाहेरून चर्चसारखी दिसते. १८८२ साली व्हिक्टोरिया राणीने तिचं उद्घाटन केलं. आत कुणालाही जाता येतं, फक्त सामान तपासतात. न्यायमूर्ती डार्लिंगसमोर तो खटला चालला. चिरोलच्या बाजूने एडवर्ड कार्सन आणि टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन. हो, तेच सायमन! १९२८ साली ज्यांच्या नावाने अख्ख्या देशाने 'परत जा' म्हणून काळे झेंडे दाखवले ते. टिळक खटला हरले. खर्चही चढला, तो भागवायला इकडे लोकांना वर्गणी काढावी लागली. पण ते लंडनमध्ये बसून राहिले नाहीत. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले, भाषणं केली, नव्या सुधारणा कायद्यावर पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९१९ च्या नोव्हेंबरात ते परतले आणि पुढच्या १ ऑगस्टला गेले.

इथे मला एक गोष्ट नेहमी गंमतीची वाटते, गंमत म्हणायची तर. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं कुठे, तर मंडालेला. तुरुंग होता मंडालेच्या किल्ल्यातच, म्हणजे थिबाच्या जुन्या राजधानीच्या तटबंदीत. तिथे त्यांनी १९१४ पर्यंत दिवस काढले, 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहिलं. आणि त्याच सहा वर्षांत मंडालेचा राजा कुठे, तर टिळकांच्या जन्मगावी नजरकैदेत. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा माणूस रत्नागिरीत. सरकारला नकाशावर लांब लांब जागा शोधाव्या लागत आणि सापडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वापरायच्या ही त्यांची काटकसर. १८५८ साली बहादूरशहाला दिल्लीहून रंगूनला नेलं होतं, तोही हाच हिशेब. माणसाला त्याच्या माणसांपासून, त्याच्या भाषेपासून तोडायचं. मारायचं नाही, फक्त दूर ठेवून द्यायचं.

दुपारी पाऊस आला म्हणून संध्याकाळी हायगेट. आर्चवे स्टेशनवरून चांगली चढण आहे, माझे गुडघे बोलायला लागले. ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ साली विद्यार्थ्यांसाठी उघडलेलं इंडिया हाउस ते हेच. सावरकर १९०६ च्या जुलैत आले ते इथे राहिले, इथून महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना बातमीपत्रं पाठवत राहिले आणि १८५७ वरचं पुस्तक लिहिलं. १९१० च्या मार्चमध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना पकडलं. पुढचं अंदमान सगळ्यांना माहीत आहे. आमच्या यादीत ते आले कारण १९२४ पासून १९३७ पर्यंत त्यांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केलं होतं. पतितपावन मंदिर त्याच काळातलं, १९३१ सालचं, भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेलं. बघा, पुन्हा रत्नागिरीच! थिबाला ठेवायला निवडलेली जागा दुसऱ्यांदा उपयोगी पडली. या घरावरच्या पाटीवरही 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' हेच शब्द आहेत. पाटी १९८५ सालची. टिळकांच्या पाटीवरून उतरवून घेतले की काय कोण जाणे. दोघांची राजकारणं आणि स्वभाव इतके वेगळे, पण लंडनच्या नगरपालिकेच्या लेखी दोघं एकाच साच्यातले.

तिसऱ्या दिवसाचं मला जास्त सांगायचं आहे.

१०, किंग हेन्रीज रोड. प्रिमरोज हिलच्या जवळ. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर या घरात राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. आमच्याकडे रत्नागिरीची मोठी माणसं मोजताना पुष्कळ जण टिळक, गोखले, रँग्लर परांजपे असं मोजत जातात आणि आंबडव्याचं नाव घ्यायला विसरतात. विसरतात म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. शेजाऱ्यांनी आणि तिथल्या नगरपालिकेने निवासी भागात म्युझियम नको म्हणून हरकत घेतली, ते प्रकरण वरपर्यंत गेलं आणि २०२० साली स्मारकाच्या बाजूने निकाल लागला. आम्ही गेलो तेव्हा आत नागपूरचं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजी जिन्याच्या पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावत वर गेल्या, प्रत्येक पायरीला. मी त्यांच्या मागे होते. मला ओलांडून पुढे जावंसं वाटलं नाही.

घर लहानच आहे. या शहरात राहून त्यांनी ग्रेज इनमधून बॅरिस्टरी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली डीएस्सी मिळवली. प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न. शाहू महाराजांनी पैशाची मदत केली होती. पैसा कायम कमीच.

तिथे बसले असताना मला एका वेगळ्याच माणसाची आठवण झाली. हनुमंतराव. लंडनला गेलेला पहिला मराठी प्रवासी कोण म्हणाल, तर ज्यांची बऱ्यापैकी माहिती मिळते त्यांत हे पहिले. राघोबादादांनी इंग्रजांची मदत मागायला वकील पाठवले, त्यांत हा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचे पारशी बापलेक. १७८१ साली ते लंडनमध्ये होते. लंडनला त्यांची कुणी फारशी दाद घेतली नाही. राहायचे हाल, खायचे त्याहून हाल. शेवटी एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं झाडघर त्यांना मोकळं करून दिलं. का, तर तिथे त्यांना आपल्या हाताने, सोवळ्याने स्वयंपाक करता यावा. डोळ्यांसमोर आणा जरा. इंग्लंडचा गारठा, काचेचं घर, कुंड्या सरकवलेल्या आणि मधे बसून हा मराठी माणूस भात शिजवतोय! नंतर भारतीय प्रश्नांवर हयातभर बोलणाऱ्या बर्कला खरेखुरे भारतीय भेटले ते बहुधा हेच.

परत आल्यावर काय झालं? विल्फर्ड नावाच्या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलंय, की समुद्र आणि सिंधू ओलांडल्यामुळे राघोबाचे हे ब्राह्मण वकील बाटले असं ठरलं. बऱ्याच खलानंतर निर्णय झाला, की पुनर्जन्म झाल्याशिवाय शुद्धी नाही. म्हणून सोन्याची योनी करून तिच्यातून त्यांना बाहेर काढलं, म्हणजे पुन्हा जन्माला घातलं आणि जातीत घेतलं.

आणि आंबेडकर? १९१७ साली पहिल्या खेपेला लंडनहून परत आले आणि ठरल्याप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कोलंबियाची पदवी हातात. त्यांना शहरात राहायला जागा कुणी देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले, तर दहा-बारा दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतावं लागलं. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

एकाला समुद्र ओलांडला म्हणून जात गेली आणि ती सोनं ओतून परत मिळवता आली. दुसऱ्याला समुद्रापलीकडे काही वर्षं जात विसरता आली आणि धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर ती परत चिकटली, सोनं ओतूनही गेली नसती. समुद्र तोच. आमच्या भाट्याच्या किनाऱ्याला लागतो तो. मी हे लेकीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, हे ब्लॉगवर लिहिशील तर काकांना आवडणार नाही." काका वाचतातच म्हणून लिहितेय. काका, नमस्कार.

चौथा दिवस साउथ केन्सिंग्टन. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. नातू बरोबर होता, वय वर्षं नऊ. मराठी कळतं, बोलतो मात्र अर्धं अर्धं. त्याला वाघनखं दाखवायचं आमिष दाखवलं होतं त्याच्या आजोबांनी. मी आधीच सांगितलं, की वाघनखं इथे नाहीत, २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात नेलीत, साताऱ्यात. ग्रँट डफ, साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, त्याच्याकडून ती पुढे इथे आली. खुद्द म्युझियमवाले म्हणतात, की ही तीच, अफझलखानाच्या वेळची, असं खात्रीने सांगता येत नाही. आजोबांना ते वाक्य आवडलं नाही. नातवाला वाघनखं नाहीत हेच आवडलं नाही.

मला मात्र पाहायचा होता थिबाचा ऐवज.

मंडालेचा राजवाडा ताब्यात घेतल्यावर तिथला सोन्यारत्नांचा राजचिन्हांचा संच इंग्रजांनी लंडनला आणला. तो याच म्युझियममध्ये वर्षानुवर्षं मांडलेला होता. म्हणजे राजा आमच्या टेकाडावर जिवंत होता, पेन्शनच्या वाढीसाठी अर्ज करत होता, दागिने रत्नागिरीच्या सावकारांना विकत होता, तेव्हा त्याचे मानाचे पेले, तबकं, पिकदाण्या लंडनचे लोक रविवारी सहकुटुंब बघायला येत होते. त्याचं सिंहासन कलकत्त्याच्या म्युझियममध्ये होतं, ते १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर परत गेलं. आणि लंडनमधली राजचिन्हं जनरल ने विन यांच्या मागणीनंतर १९६४ साली परत दिली. न भांडता, न खटला चालवता. असं होऊ शकतं तर!

तेव्हा ब्रह्मदेशाच्या सरकारने त्यांतली एकच वस्तू आभाराची भेट म्हणून म्युझियमला परत दिली. ती अजून आहे. आग्नेय आशियाच्या दालनात काचेच्या कपाटात. हंसाच्या आकाराचा सोन्याचा डबा. माणकं जडवलेला, पंख उचललेले, मान डौलात मागे घेतलेली. नातू म्हणाला, "दिस इज अ डक." मी म्हटलं, डक नव्हे रे, हंस आहे आणि तो राजाचा पानाचा डबा आहे.

राजाचा पानाचा डबा! माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. आमच्या घरी मागच्या आगरात पोफळी आहेत. माझ्या आजेसासूबाईंचा पितळी डबा अजून आहे, अडकित्ता आतच असतो. ब्रह्मदेशात राजासमोर पानाचा डबा ठेवणं हा मोठा मान. कुणाचा डबा किती मौल्यवान, यावरून त्याचा दर्जा ठरायचा. हा हंस मंडालेत मागे राहिला आणि त्याचा मालक जिथे गेला तिथे सुपारीला तोटा नव्हता. डबाच नव्हता. रत्नागिरीत तो कसल्या डब्यातून पान खात असेल, हे कुठल्या इतिहासात लिहिलेलं मला सापडलेलं नाही. पण तीस वर्षं रत्नागिरीत राहून त्याने आमची सुपारी खाल्ली नसेल असं मला वाटत नाही.

नातवाने मग सगळं विचारून घेतलं. राजा कुठे गेला, का गेला, परत कधी गेला. सांगितलं, की आधी त्याला भाड्याच्या बंगल्यांत ठेवलं. १९१० साली मोठा वाडा बांधून दिला. तो आज आपण दाखवतो तो, लाकडी कोरीव अर्धगोल खिडक्यांचा. त्यात तो सहाच वर्षं जगला. १९१६ च्या डिसेंबरात गेला. राणीला त्याचा देह ब्रह्मदेशात न्यायचा होता. सरकारने नाही म्हटलं. तिकडे लोक गोळा होतील ही भीती. शेवटी १९१९ साली रत्नागिरीतच त्याला ठेवलं आणि मग कुटुंबाला परत जायची परवानगी मिळाली. राणी रंगूनला १९२५ साली गेली, तिची समाधी तिकडे. थोरल्या राजकन्येची मुलगी मात्र रत्नागिरीत वाढली, अस्खलित मराठी बोलायची आणि २००० साली रत्नागिरीतच वारली. गावातल्या कितीतरी जणांनी तिला पाहिलेलं आहे.

"पण किंगला परत का नाही नेलं? आता?" नातू.

याला उत्तर काय देणार? म्युझियमपासून दोन मिनिटांवर एक उंच मनोरा आहे, जुन्या इंपीरियल इन्स्टिट्यूटची तेवढीच खूण उरलीय. तिथल्या सभागृहात १ जुलै १९०९ च्या रात्री मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. दीड महिन्यात पेंटनव्हिलच्या तुरुंगात फाशी. तुरुंगातच पुरलं होतं त्यांना. त्यांचे अवशेष भारताने १९७६ साली मागून परत आणले. राजचिन्हं परत गेली, सिंहासन परत गेलं, धिंग्रा परत आले, वाघनखं निदान तीन वर्षांसाठी आली. थिबा अजून आमच्याकडेच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास रत्नागिरीला आले, समाधीवर फुलं वाहिली आणि परत गेले. गावात त्या दिवशी मोठा बंदोबस्त होता. त्यांच्या देशात आज जी परिस्थिती आहे ती पाहता, राजाला आता कुठे परत न्यायचं हाही प्रश्नच आहे.

आणि खरं सांगू का, तो परत जावा असं मला वाटतं की नाही, हेच मला कळत नाही. न्यायाने बघितलं तर जायला हवा. त्याच्या राणीने मागितलं होतं आणि नाही म्हणणारं सरकार आता उरलेलंही नाही. पण शंभराहून जास्त वर्षं तो इथल्या मातीत आहे आणि त्याच्या नातीला लोक गावचीच समजत. परका म्हणून आणलेल्याला आपण कधी गावचा करून घेतला, ते आपल्यालाही कळलं नाही. बडोद्यात एक माणूस आपला असून परका ठरला होता, तेही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. नातवाला मी एवढंच म्हटलं, की डिसेंबरात भाट्याला ये, तुला समाधी दाखवते, मग तूच सांग.

त्याने कबूल केलं, पण अट घातली की आधी समुद्र.

पाचव्या दिवसापासून लेकीच्या तक्त्यावर विंडसर, ऑक्सफर्ड वगैरे होतं. तिकडे पाऊस लागला. ते फोटो वन्संना पाठवलेत.